मजा म्हणजे काय झालं?

निबंधाच्या वह्या तपासून झाल्या की आमच्या शाळेतल्या प्रत्येक वहीत शेवटचं वाक्य खोडलेलं दिसायचं. विषय सहलीचा असो, जत्रेचा असो, मामाच्या गावचा असो, पोरांचा शेवट ठरलेला असे : ‘अशा प्रकारे आम्हाला खूप मजा आली.’ चौगुले सर त्यावर लाल शाईची एक सरळ रेघ ओढत आणि समासात लिहीत, ‘म्हणजे काय झालं?’

मग वर्गात एकेकाला उभं करायचं.

“सहलीला मजा आली लिवलंयस. काय झालं ते सांग.”

“सर, लय मजा आली.”

“ते वाचलं मी. झालं काय?”

पोरगं डोकं खाजवायचं, बाकाकडं बघायचं, शेवटी सांगायचं, “सर, बस बंद पडली. मग आमी शेतात शेंगा भाजल्या. हात काळं झालं. आमच्या वर्गातल्या सुऱ्यानं त्याच हातानं सगळ्यांच्या तोंडाला काळं लावलं. बाईंच्या पण.”

“बाईंच्या पण?”

“व्हय सर. बाई हसल्या.”

“हे लिव की मग. मजा आली म्हणून काय सांगतोस? मला न्हाई आली. आता आली.”

मी त्या शाळेत गणित शिकवायला गेलो तेव्हा सर पन्नाशीला टेकले होते. मी वडूजकडचा, जोंधळ्या-बाजरीच्या कोरड्या रानातला. सांगलीच्या अलीकडचं, कृष्णेच्या काठचं ते गाव मला पहिले काही दिवस जरा जास्तच हिरवं वाटे. दारापर्यंत ऊस, भिंतींना ओल, उन्हाळ्यातही अंगाला चिकटणारी हवा. मला खोली मिळाली ती सरांच्या घराशेजारच्या बोळात. बोळाच्या एका बाजूला त्यांचं घर, मागं गोठा आणि त्याच्यापुढं उतार ओढ्याकडं गेलेला.

सर बुटके, रुंद बांध्याचे, घोगऱ्या आवाजाचे. शर्ट कायम खोचलेला आणि पायात कायम करकरणारी चप्पल. माणूस आयुष्यात काही फार मोठं मिळवायच्या मागं नव्हता, पण जे मिळे ते पुरेपूर घेई. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं म्हणून शिक्षकांच्या खोलीत पेढे आले की आम्ही एका घासात संपवून हात पुसत असू. सर पेढा कागदावर ठेवून आधी बघत, मग नखाएवढा तुकडा मोडत, डोळे मिटत. तास वाजला तरी पेढा अर्धाच असे. उरलेला तसाच कागदात गुंडाळून खिशात घालून ते वर्गावर जात आणि मधल्या सुट्टीत पुन्हा पुढं सुरू करत. कुणी चेष्टा केली तर म्हणत, “तुमी पेढा खाल्ला न्हाई, संपवला.”

घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. सरांच्या बायकोला, सुशीलाकाकूंना, हे सगळं मनापासून होतं, सरांना सवयीनं होतं. चातुर्मास लागला की काकू एकेक पदार्थ सोडत. एका वर्षी गूळ, एका वर्षी दही, एकदा तर तिखट. सर जेवताना मुद्दाम गुळाचा खडा चुटकीत धरून म्हणत, “सुशीला, काय चव हाय म्हणून सांगू.”

काकू ताटाकडं न बघता म्हणत, “खावा. सोडल्याबिगर कळत न्हाई काय आवडत हुतं ते.”

“मी न सोडताच कळवून घेतो.”

दोघांना मूल नव्हतं. त्याबद्दल बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

सरांची सगळ्यांत मोठी हौस म्हणजे तांबी. तांबी ही गाय, गावठी, तांबड्या अंगाची, एका शिंगाला जरा बाक असलेली. डेअरीला घालायला गावात सगळ्यांकडं जर्सी होत्या. तांबीचं दूध तांब्या-दीड तांब्या, तेही तिच्या लहरीवर. शेतीचा वाटा भावाकडं होता, त्यामुळं गाय ठेवायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण संध्याकाळी सर शाळेतून आले की बनियनवर गोठ्यात जात. बादलीत दुधाची पहिली धार पडताना जो आवाज होतो तो त्यांना ऐकायचा असे. मला पहिल्यांदा गोठ्यात बोलावलं तेव्हा म्हणाले, “बोलू नका. ऐका. आधी पत्र्याचा आवाज येतोय, मग दूध साठलं की दुधाचा येतोय. मधी कुठंतरी बदलतंय ते पकडायचं.”

दारातून काकू म्हणाल्या, “आवाज तेंनी ऐकायचा, शेण मी काढायचं.”

खरंच होतं ते. वैरण, पाणी, शेण, गोठा धुणं सगळं काकूंच्या अंगावर. सर फक्त धार काढत आणि पाठीवरून हात फिरवत. काकू हे दर दोन दिवसांनी बोलून दाखवत आणि सर दरवेळी हसत. त्या बोलण्यात राग होता का, हे बाहेरच्या माणसाला कळण्यासारखं नव्हतं.

एकदा शाळेच्या नळावर दोन पोरांची जुंपली. एक जण ओरडला, “सुट्टी झाल्यावर तुला मजा दाखवतो.” सर व्हरांड्यातून चालले होते. त्यांनी दोघांना कानाला धरून वर्गात नेलं, फळ्यावर तीन वाक्यं लिहिली. जत्रेत मजा आली. तुला मजा दाखवतो. लोक उभे राहून मजा बघत होते. मग म्हणाले, “शब्द एकच. कुठल्या वाक्यात कुणाला मजा येतीय ते सांगा.”

पहिलं वाक्य सोपं होतं. दुसऱ्या वाक्यात दाखवणाऱ्याला, असं पोरं म्हणाली. तिसऱ्या वाक्याला मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बघणाऱ्यांना, सर.”

“आणि काय बघत हुते ते?”

“कुणाचं तरी भांडण आसंल. न्हाईतर कोण पडलं आसंल.”

“पडलेल्याला मजा येतीय का?”

“न्हाई सर.”

“बस खाली,” सर म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी धडा घेतलाच नाही. खिडकीतून बाहेर बघत बसले. मला वाटलं होतं त्यांना भांडण मिटवायचं आहे. ते भांडण विसरूनच गेले होते.

पुराचं वर्ष आलं. नदी दरवर्षी थोडी वर यायची, ओढ्यात फुगवटा यायचा, पोरं शाळा बुडवून बघायला जायची. त्या वर्षी पाणी थांबेना. आदल्या दिवशी ओढ्यापलीकडचा ऊस दिसत होता, सकाळी नुसते शेंडे. दुपारच्या आत बोळात पाणी शिरलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत म्हातारी माणसं, पोरं, गाठोडी भरून सगळ्यांना शाळेत हलवलं. शाळा उंचावर होती. सर ट्रॉलीबरोबर खेपा घालत होते, मीही होतो. शेवटच्या खेपेला जनावरं न्यायची होती. पण ट्रॉली माणसांनीच भरली आणि त्यानंतर ट्रॅक्टर त्या उतारावर जाईना.

शाळेच्या वरच्या मजल्यावर आमच्या वर्गात, ज्या फळ्यावर सर वाक्यं लिहीत त्याच्याखाली, बायका पोरांना घेऊन बसल्या होत्या. काकू भिंतीला टेकून होत्या. पावसानं ओल्या झालेल्या निळ्या लुगड्याचा पदर पिळत होत्या. सर आत येत, बाहेर जात, आणि दर वेळी तेच म्हणत, “तांबीला सोडायचं राहिलं. दावं सोडलं असतं तर पोहली असती. बांधलेली मरणार ती.”

काकू पदर पिळायच्या थांबल्या.

मग सरांना खाली बोलावलं. पलीकडच्या गावातून भाकऱ्या आल्या होत्या, त्या वाटायच्या होत्या. मीही त्यांच्याबरोबर गेलो. भाकरी मोजून कुणाला द्यायची, म्हाताऱ्यांना आधी की पोरांना, यावरून थोडी बाचाबाची झाली, ती सरांनी मिटवली. यात बराच वेळ गेला.

त्यानंतर व्हिडिओ आला. गावातल्या एका तरुणाच्या मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला. पुलाकडं जाणारा रस्ता भरावावर आहे, तिथं पूर बघायला आजूबाजूची माणसं जमली होती. तिथूनच काढलेला होता. गढूळ पाणी, त्यात आमच्या बोळाचं तोंड, आणि त्यातून बाहेर येणारं एका बाजूला बाक असलेलं शिंग. तांबी पोहत होती. मान वर, डोळे मोठे. मधेच वाहत जाते, पुन्हा वळते. रस्त्यावरची माणसं ओरडत होती, शिट्ट्या मारत होती. ती भरावाच्या कडेला लागली, चौघांनी शिंगाला धरून वर ओढली, टाळ्या पडल्या. व्हिडिओ काढणाऱ्याचा आवाज अगदी जवळून येत होता, “आली रं आली, लय मजा आली राव.”

सरांनी तो बघितला आणि हसले. सकाळपासून पहिल्यांदा हसले. “परत दाखव,” म्हणाले. परत बघितला. मोबाइल त्या पोराच्या हातातून घेऊन जिन्यानं वर गेले. दारातूनच हाक मारली, “सुशीला, हे बघ तुझी सवत कशी पोहतीय.”

भिंतीपाशी काकू नव्हत्या.

शेजारची बाई म्हणाली, “मगाशी उठून गेल्या. म्हटलं तुमच्याकडंच आल्या.”

शाळा पालथी घातली. खाली, वर, मुतारीत, मैदानात. एका म्हाताऱ्यानं त्यांना उताराकडं जाताना बघितलं होतं. तो म्हणाला, “मी इचारलं कुठं चालला. म्हणाल्या, आलेच.” सर पाण्यात शिरायला निघाले. आम्ही तिघांनी त्यांना धरलं. पाणी तेव्हा बोळात पुरुषभर झालं होतं. नाव आली ती दुसऱ्या दिवशी.

पाणी उतरल्यावर काकू ओढ्याच्या कडेला आडव्या झालेल्या उसात सापडल्या. त्यांच्या मुठीत काही नव्हतं, अंगावर जखम नव्हती. गोठ्यात गेलो तर खुंट्याला दावं तसंच बांधलेलं होतं. फक्त गळ्याकडची गाठ सोडलेली. ओली गाठ सोडणं सोपं नसतं. त्यांनी छातीएवढ्या पाण्यात उभं राहून ती सोडली असणार.

सगळं उरकल्यावर, पाहुणे गेल्यावर, सरांनी मला घरी बोलावलं. भिंतींवर पाण्याची रेघ माझ्या खांद्याच्या वर होती. म्हणाले, “तो व्हिडिओ लावा.” तो माझ्याही मोबाइलवर आला होता. मी टाळू लागलो. “लावा,” म्हणाले.

आम्ही तो अनेकदा बघितला. गाय बोळातून बाहेर पडते त्याच वेळी मागं, बोळाच्या तोंडाशी, निळं काहीतरी दिसतं आणि पाण्याखाली जातं. प्लॅस्टिकचा कागदही असेल. पुरात काय काय वाहत असतं. मी तसं म्हणालो. सर म्हणाले, “असंल.” मग म्हणाले, “आवाज विक्रमचा हाय.”

विक्रम त्यांचा जुना विद्यार्थी. पलीकडच्या गावात रस्त्याला त्याचं पंक्चर काढायचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी मी मोटारसायकलवरून सरांना तिथं घेऊन गेलो. तिथं काय होणार याची मला भीती वाटत होती, पण त्यांना एकट्याला जाऊ देणं त्याहून वाईट झालं असतं.

विक्रमनं सरांना बघताच हातातली पट्टी खाली टाकली, पाया पडला. “काकूंचं कळलं, सर. मी येणार हुतो.”

सर एका जुन्या टायरवर बसले. “गाईचा व्हिडिओ तू काढलास?”

“व्हय सर.” त्याचा चेहरा जरा उजळला. “तुमची हाय ती, हे मागनं कळलं. लय लोकांनी बघितला, सर.”

“आता तोंडानं सांग. काय झालं?”

“म्हंजे?”

“तू उभा हुतास. काय बघितलंस ते पयल्यापासनं सांग.”

तो माझ्याकडं बघायला लागला. मी खाली बघितलं. मग तो सांगू लागला, वर्गात उभा असल्यासारखा. “आमी पाणी बघत हुतो. बोळातनं गाय आली. आधी नुसतं शिंग दिसलं. मला वाटलं फांदी हाय.”

“मग?”

“मग डोकं. पाण्याच्या वढीनं तिला खाली न्हेलं, पण फिरली ती. आमी कडंला आलो. मी एका हातानं मोबाइल धरला हुता.”

“गळ्यात काय हुतं?”

“काय न्हवतं.”

“दावं?”

“न्हाई सर. मोकळी हुती. दावं असतं तर धरायला सोपं झालं असतं, आमी शिंगाला धरली.”

“तुटकं दावंपण न्हवतं?”

“न्हाई, गळा मोकळा...” तो थांबला. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. विक्रमचं तोंड हळूहळू बदलत गेलं. “सर,” तो म्हणाला, “गाय सोडली कुणी?”

“मागं कोण दिसलं का तुला?”

“न्हाई सर. आईशप्पथ न्हाई. आमी समदी गाईकडंच बघत हुतो.”

“हाक ऐकू आली?”

“आमीच वरडत हुतो, सर.”

तो खाली बसला. काळ्या हातांनी तोंड झाकून रडायला लागला. सरांनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, दयाही नव्हती. काहीतरी समजून घेऊन ते जागच्या जागी ठेवत होते, असं वाटलं. मग उठले, माठातलं पाणी स्वतःच ओतून घेऊन प्यायले. “खोटं न्हाई बोललास,” एवढंच म्हणाले.

परत येताना अर्ध्या रस्त्यात त्यांनी मला गाडी थांबवायला लावली. कडेला उभे राहून म्हणाले, “सुशीलाला बघून कोण हसलं न्हाई. एवढं कळायला पायजे हुतं मला.”

मी मान हलवली.

“मी चार येळा म्हणालो तांबी राहिली म्हणून. तिच्यासमोर म्हणालो. तिला गाय कधी आवडली न्हाई, इंगळे. ती माझी मजा हुती.”

ते गाडीवर बसले आणि आम्ही निघालो.

भावानं, बहिणीनं गाय विकायला सांगितली. सर म्हणाले, तिचा काय दोष. तांबीचं सगळं आता ते स्वतः करू लागले. शेण, वैरण, गोठा, सगळं काकूंच्या पद्धतीनं आणि काकूंच्या वेळेला. दूध मात्र शेजारच्या घरात पोराबाळांना देऊन टाकत. धार काढताना एफएम लावत, मोठ्या आवाजात. मी एकदाच त्या वेळी गोठ्यात गेलो आणि परत फिरलो.

शाळा सुरू झाली. चिखल काढला, बाकं उन्हात वाळवली. पहिल्या घटक चाचणीला निबंधाचा विषय आला, ‘पूर पाहिलेला दिवस’. विषय सरांनी काढला नव्हता, सगळ्या शाळांना तोच होता. वह्या तपासायला ते शिक्षकांच्या खोलीत बसले होते आणि एक वही त्यांच्यापुढं बराच वेळ उघडी होती. शेवटी त्यांनी ती माझ्याकडं सरकवली. सातवीत नुकत्याच आलेल्या एका मुलीची. शेवटचं वाक्य होतं : ‘अशा प्रकारे पुरात आम्हाला खूप मजा आली.’

लाल पेन त्यांच्या हातात होतं. त्यांनी रेघ ओढली नाही. वही घेऊन ते वर्गावर गेले. माझा तास शेजारी होता, मधली भिंत पत्र्याची.

“काय झालं ते सांग,” सरांचा आवाज आला.

“सर, मी कवा नावेत बसले न्हवते. मिल्ट्रीच्या काकांनी मला उचलून नावेत ठेवलं. मग बिस्किटाचा पुडा दिला. आख्खा. भावाला वेगळा आणि मला वेगळा.”

“आख्खा पुडा?”

“व्हय सर. आमच्यात दोघांत एक आसतोय.”

गावातल्या सगळ्या पोरांना ठाऊक होतं सरांच्या घरी काय झालं ते. मी हातातला खडू तसाच धरून उभा होतो.

“बरोबर हाय,” सर म्हणाले. “तुला आली मजा. बस.”

त्यानंतर त्यांनी मुलांच्या निबंधातलं ते वाक्य कधी खोडलं नाही. समासातही काही लिहीनासे झाले. पोरांना ते बरं वाटलं असावं. वह्या पटापट तपासून मिळायला लागल्या.

माझी बदली वडूजला झाली आणि सर निवृत्त झाले. गाय म्हातारी होऊन गेली, असं त्यांनी फोनवर सांगितलं, हवामान सांगावं तसं. मग एका उन्हाळ्यात अचानक माझ्या दारात उभे राहिले. हातात एक पिशवी. वाळले होते, जो शर्ट अंगात मावत नसे तो आता अंगावर लोंबत होता. म्हणाले, “तुमच्याकडं भाड्यानं खोली मिळंल का बघा. नदीपासनं लांब पायजे.”

मी दोन-तीन ठिकाणी दाखवली. सगळीकडं ते दारात उभे राहून मान हलवायचे, आत जायचे नाहीत. बायकोनं जेवायला वाढलं, आमरस केला होता. त्यांनी तो संपवला. वाटी पालथी घालावी तसा एका दमात प्यायले आणि हात धुवायला उठले. दिवस मावळायला अवकाश होता, म्हणून म्हणालो, चला, पाय मोकळे करू. आम्ही येरळेकडं गेलो. उन्हाळ्यात येरळा म्हणजे नुसती वाळू, पाण्याचा थेंब नाही. पोरं पात्रात क्रिकेट खेळतात, मेंढरं बसतात.

सर काठावर थांबले. “ही नदी हाय?” त्यांनी विचारलं.

“हीच.”

त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि उतरले. मी हाक मारली, वाळू अजून तापलेली असेल म्हणून. त्यांनी ऐकलं नाही किंवा ऐकून थांबले नाहीत. पात्राच्या अगदी मधोमध गेले आणि तिथं मांडी घालून खाली बसले, माझ्याकडं पाठ करून. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा चेंडू त्यांच्याजवळून गेला, एकानं येऊन तो उचलला, काहीतरी विचारलं. सरांनी हात हलवून त्याला जा म्हटलं.

रात्रीच्या गाडीनं ते परत गेले. खोलीचा विषय पुन्हा काढला नाही. थंडीत त्यांच्या भावाचा फोन आला, सर झोपेतच गेले म्हणून. मला त्यांची आठवण झाली की मी काठावर उभा असतो, ऊन उतरत असतं, आणि त्या कोरड्या पात्रात मधोमध एक बुटका, वाळलेला माणूस दोन्ही हात वाळूवर पालथे ठेवून बसलेला असतो. बराच वेळ तो हलत नाही.